चिंचपाड्याहून दिसलेलं युद्ध

धुळ्याच्या बसस्थानकावर नवापूरची गाडी लागली तेव्हा माझ्या हातात जगाचा गुंडाळलेला नकाशा होता आणि डोक्यात एक तयार व्याख्यान. नाशिकला मी स्पर्धा परीक्षांच्या मुलांना ‘चालू घडामोडी’ शिकवतो. माझी जुनी विद्यार्थिनी रूपाली हिने चिंचपाड्याच्या आत, डोंगरातल्या आपल्या गावी एक अभ्यासिका सुरू केली आहे. “सर, आमच्या पोरांना एकदा जगाबद्दल सांगून जा,” असं ती बरेच दिवस म्हणत होती. भात झोडून झालं की या, त्याआधी कोणाला सवड नसते, असंही तिने बजावलं होतं. म्हणून मी थंडीत निघालो.

साक्री मागे पडलं आणि कोंडाईबारीच्या घाटात गाडीचं इंजिन तापलं. चालकाने गाडी कडेला घेतली. आम्ही सगळे उतरून सागाच्या विरळ सावलीत उभे राहिलो. शेजारी बसलेले एक शेतकरी गृहस्थ विसरवाडीला लेकीकडे चालले होते. तापीकाठचे, अहिराणी बोलणारे. त्यांनी नकाशाकडे बोट केलं.

“हाई काय शे?”

“जगाचा नकाशा. मुलांना शिकवायचंय.”

“मंग माले सांगा, आपला सुरतना हिरा कोठे जातस?”

मी रस्त्याच्या कडेच्या दगडावर नकाशा थोडा उलगडला आणि अमेरिका दाखवली. ते वाकून बघत राहिले. मग म्हणाले, “तठे कर वाढना, अन् आठे मन्हा भाचानं काम गयं. आते वावरमा निंदणी करी ऱ्हायना.” (तिकडे कर वाढला आणि इथे माझ्या भाच्याचं काम गेलं, आता शेतात निंदणी करतोय.) त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, नुसती माहिती होती. विसरवाडीला उतरताना त्यांनी धोतराच्या सोग्यात बांधलेली बोरं माझ्या हातावर ठेवली. आयात कर, हिरे, सुरत हे सगळं माझ्या व्याख्यानात होतं. ते बोलून दाखवायला आता मला जरा संकोच वाटू लागला.

चिंचपाड्याच्या फाट्यावर रूपाली स्कूटी घेऊन उभी होती. नेहमी भरभर बोलणारी मुलगी त्या दिवशी नुसती “या सर” म्हणाली. मिशनच्या हॉस्पिटलवरून पुढे गेल्यावर, डांबरी रस्ता संपला तिथे तिने गाडी थांबवली आणि पाठमोरीच म्हणाली, “शालूताई जिथे काम करते ना, त्या शहरावर कालपासून क्षेपणास्त्रं पडतायत.”

बातमी मी सकाळीच वाचली होती. पण तिची थोरली बहीण शालिनी त्या देशात आहे हे मला ठाऊक नव्हतं. (घरच्यांच्या इच्छेमुळे देशाचं नाव इथे लिहीत नाही.)

“मग मला येऊ नका म्हणायचं होतंस.”

“म्हणणार होते. बाबा म्हणाले, येऊ दे. सरांना जगातलं कळतं.”

घर कुडाच्या भिंतींचं, वर नळीची कौलं, अंगणात भाताच्या पेंढ्याची उडवी. रूपालीचे वडील दानियेलभाऊ यांनी आधी पाणी दिलं, खाट झटकली, मी बसेपर्यंत वाट पाहिली आणि मग विचारलं, “सर, किती दिवस चालंल हे?”

मी म्हणालो, “भाऊ, खरं सांगतो, ते कोणालाच माहीत नाही.”

“टीव्हीवाले तर सांगतात.”

“त्यांनाही माहीत नाही.”

त्यांनी नुसती मान हलवली. ज्यासाठी त्यांनी मला येऊ दिलं होतं, तेच माझ्यापाशी नव्हतं.

दानियेलभाऊंच्या पायाखालचं जग बारडोलीपर्यंत होतं. दरसाल भात कापून झालं की ते आणि त्यांच्या पत्नी मरियमताई कोयते घेऊन गुजरातेत ऊसतोडीला जात. पुढे मरियमताईंना एका दवाखान्यात आयाचं काम मिळालं आणि त्यांचं जाणं थांबलं. शालिनी नर्सिंग शिकली, सुरतेत राहिली, तिथून परदेशी भाषेचा वर्ग करून एका वृद्ध माणसाची देखभाल करायला समुद्रापार गेली. त्यांच्या गावातून तेवढ्या लांब जाणारी ती पहिलीच.

जेवायला तांदळाच्या भाकरी, उडदाचं घट्ट वरण आणि अंबाडीची चटणी होती. मरियमताई मला आग्रह करून वाढत होत्या, पण घरातलं दुसरं कोणी नीट जेवलं नाही.

दुपारी आम्ही घरामागच्या टेकाडावर गेलो. फोनला रेंज तिथेच मिळते. खाली कापलेल्या भाताची खाचरं, पलीकडे गुजरातेतल्या निळसर टेकड्या, मध्येच लांबून मालगाडीचा आवाज. एवढ्या शांत जागी उभं राहून युद्धाची बातमी ऐकायची होती.

शालिनीचा चेहरा पडद्यावर आला. जिन्याखाली बसली होती. आपल्या दूतावासाने माणसांना परत नेण्यासाठी नावं नोंदवून घ्यायला सुरुवात केली होती, हे तिला माहीत होतं. दानियेलभाऊ मावचीत (नवापूरकडची भिली बोली) बोलत होते, रूपाली मला हळू आवाजात मराठीत सांगत होती.

“बाबा म्हणतायत, आजच्या आज नाव दे. ती म्हणतेय, तिच्याकडच्या आजोबांना जिना उतरता येत नाही. भोंगा वाजला की ती त्यांना उचलून इथे जिन्याखाली आणते. त्यांची मुलगी दुसऱ्या शहरात आहे, रस्ते बंद आहेत. ती येईपर्यंत थांबणार म्हणतेय.”

दानियेलभाऊंचा आवाज चढला. त्यांचे शब्द रूपालीने मला सांगितले नाहीत. मग शालिनीनेच मराठीत मला हाक मारली.

“सर, तुम्ही सांगा. रस्ते उद्यापर्यंत उघडतील?”

सगळे माझ्याकडे पाहत होते. हो म्हटलं असतं तर त्या घराला एक रात्र झोप लागली असती. मी म्हणालो, “शालिनी, मला माहीत नाही. उगाच धीर देणार नाही. पण नाव नोंदवून ठेव. जायचं की नाही ते नंतर ठरव.”

“नाव दिलं की जागा अडते, सर. मला जायचं नसेल तर दुसऱ्याची कशाला अडवू?”

तेव्हा इतका वेळ मागे उभ्या असलेल्या मरियमताईंनी फोन हातात घेतला आणि हळू आवाजात काही विचारलं. पलीकडे शालिनी एकदम रडायला लागली.

“आई काय म्हणाली?” मी रूपालीला विचारलं.

“आजोबा जेवले का, म्हणाली.”

दानियेलभाऊ टेकाड उतरून शेताकडे निघून गेले. संध्याकाळपर्यंत घरी आले नाहीत. अंधार पडायच्या बेताला मरियमताई त्यांना शोधून घेऊन आल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी अभ्यासिकेत मी नकाशा टांगला. वीस-पंचवीस मुलंमुली सतरंजीवर बसली होती. तयार केलेलं व्याख्यान मी बाजूला ठेवलं. काही देशांत म्हातारी माणसं का वाढली, त्यांची काळजी घ्यायला तिथे हात का उरले नाहीत, आणि हे हात आपल्याकडून का जातात, एवढंच सांगितलं. मग त्या प्रदेशातलं भांडण जमेल तसं दोन्ही बाजूंनी मांडलं.

मागच्या रांगेतला एक तरुण उठला. “सर, सरकारने आपल्या लोकांना आणलंच पाहिजे.”

“सरकार आणतंय,” रूपाली म्हणाली. “तीच येत नाहीये.”

“मग तिचं चुकलं. ते लोक आपले कोण?”

त्याच्या शेजारची मुलगी म्हणाली, “पण आपण त्यांना आपलं मानून तर कामाला गेलो ना?”

“पोटासाठी गेलो,” तो म्हणाला.

वाद वाढला. राजकारण, धर्म, तेलाचे भाव, परदेशी गेलेल्यांचे हक्क, सगळं त्यात आलं. नाशिकच्या वर्गात मी इतका खरा वाद कधी ऐकला नव्हता. कुठलंही वाक्य परीक्षेतल्या उत्तरासारखं नव्हतं. मी कोणालाच बरोबर किंवा चूक म्हटलं नाही. दानियेलभाऊ कधी येऊन दाराशी टेकले ते मला कळलं नाही. त्यांनी एकच विचारलं: “भोंगा वाजल्यावर लपायच्या तिथल्या आसऱ्याच्या खोलीत कामाला आलेल्या माणसाला जागा देतात का?”

“कायद्याने द्यायला हवी. देतात की नाही, मला माहीत नाही,” मी म्हणालो.

दुपारी त्यांनीच मला मोटारसायकलवरून फाट्यावर सोडलं. गाडी यायला वेळ होता. ते रस्त्याकडे बघत म्हणाले, “आम्ही बारडोलीला जायचो तेव्हा शालू आजीजवळ राहायची. बारकी होती. एका साली आमच्या माघारी माझी आई आजारी पडली आणि गेली. घरात शालू एकटी होती. शेजारचे आले तोवर ती आजीचा हात धरून बसली होती. पाणी पाजत होती म्हणे.” त्यांनी माझी पिशवी हातात घेतली. “काल मी तिला लय बोललो, सर. पण ती येणार नाही, हे मला आधीच कळलं होतं.”

बस आली. त्यांनी माझी पिशवी आत दिली. मी त्यांचा हात हातात घेतला. हात खरखरीत आणि गार होता.

दूतावासाने ठरवलेलं विमान गेलं, शालिनी त्यात नव्हती. नाशिकला आल्यावर मी रोज रूपालीला फोन करत राहिलो. तो आठवडा त्या घराने कसा काढला, हे मी लिहू शकणार नाही. अखेर रस्ते थोडे उघडले, आजोबांची मुलगी पोहोचली, आणि शालिनी इतर काही जणांबरोबर शेजारच्या देशात जाऊन तिथून सुखरूप परतली. चिंचपाड्याच्या फाट्यावर तिला घ्यायला अर्धं गाव गेलं होतं, असं रूपालीने सांगितलं. मरियमताई मात्र गेल्या नव्हत्या. त्या घरी भात रांधत होत्या.

मी अजूनही ‘चालू घडामोडी’ शिकवतो. नकाशावर तो देश दाखवताना आता मी विद्यार्थ्यांना एवढंच विचारतो की तिथे आपलं कोण आहे. मग एखादा हात वर होतो: कुणाचा मामा बोटीवर असतो, कुणाची चुलत बहीण दवाखान्यात. तासाचा विषय तिथून सुरू होतो. पूर्वी आम्ही तिथपर्यंत पोहोचायचोसुद्धा नाही.

परवा शालिनीशी बोललो. ती सध्या गावीच आहे आणि अभ्यासिकेतल्या मुलींना प्रथमोपचार शिकवते. आजोबा दर रविवारी तिला फोन करतात. त्यांची इमारत उभी आहे, पण काचा अजून बसवलेल्या नाहीत. मी विचारलं, “पुन्हा जाशील?”

“बाबांना विचारलं,” ती म्हणाली. “उठले आणि त्यांनी माझी बॅग माळ्यावरून खाली काढून ठेवली.”