रिकाम्या खोलीत कापूस

मार्गशीर्ष वद्य चतुर्थी. चूल सारवून मी हात धूत होते, तेवढ्यात धाकटे दीर दारात आले. माझे यजमान जाऊन तेव्हा वर्ष उलटले होते. मूलबाळ नाही. भावाभावांची वाटणी यजमानांच्या हयातीतच झालेली. दोन खोल्या आणि नाल्याकाठचे वावर आमच्या वाट्याला आले होते. वावर दीर कसत आणि माझ्या हिश्श्याची ज्वारी त्यांच्या कणगीतून काढून देत.

उंबऱ्यातूनच त्यांनी खोल्यांवर नजर फिरवली.

"वयनी, तुमचं सारं सामान एका पेटीत मावते. पेटी आमच्या इकडं आणा. जेवण हिच्याच हातचं. या खोल्यांत मी यंदाचा कापूस भरतो."

घर मी दिवाळीलाच रिकामे केले होते. दरवर्षी चिंच आणि राख घेऊन पितळ घासता घासता बोटांची साले निघत. त्या वर्षी हंडा घासताना वाटले, हा भरून कोणाला देणार आहे मी? यजमानांच्या शेवटच्या दुखण्यात एक पातेले, एक वाटी आणि अंथरूण एवढ्यावर आमचे घर चालले. बाकीच्याला कोणी हात लावला नाही.

मग ठरवले, रोज हाताला लागेल तेवढेच ठेवायचे. हंडे आणि घागरी जावेला दिल्या, परात पुतणीच्या लग्नासाठी काढून ठेवली, पलंग बैलबंडीत घालून नणंदेकडे धामणगाव बढ्याला धाडला. चुलीजवळ चार भांडी राहिली, दोरीवर लुगडी. सकाळचे काम लवकर उरकू लागले आणि वावरात जायला वेळ मिळू लागला. दुःख कमी झाले असे मी म्हणणार नाही. घर मात्र माझ्या एकटीच्या अंगाबरोबर झाले.

आडावर शेजारीण विचारी, "काशीले चालल्या काय बाई?"

"नाही, वावरात चालली."

"मंग शेगावले तं जासानच! कोणी घर असं उगीच झाडते काय?"

बाया हसत, मीही हसे. दिरांनी ती थट्टा खरी धरली होती.

मी म्हटले, "भाऊजी, मी कुठी चालली नाही. याच खोल्यांत राहीन."

"राहा ना, नाही कोण म्हणते? पण तुमाले आता लागते काय? ज्वारीबी अर्धीच लागन. उरली ते पोरीच्या लग्नाले होईन."

"भांडे वाटले म्या. पोट नाही वाटलं, अन् वावरबी नाही."

"बोलण्यात तुमच्यापुढं कोण टिकन!" म्हणत ते निघून गेले. मला वाटले, विषय मिटला. वावरातून परत आले तेव्हा आतल्या खोलीत कापसाची गाठोडी आढ्यापर्यंत रचलेली होती.

तशीच जावेकडे गेले. ती भाकरी थापत होती. तिने वर पाहिले नाही.

"तुमीच रिकामं करून ठेवलं ना बाई. मंग त्यायले काऊन बोल लावता?" भाकरी तव्यावर टाकून ती हळूच म्हणाली, "दोन हंडे घेऊन जा वापस. फळीवर मांडा. मंग ते काही म्हणणार नाहीत."

तिच्या मनात खोट नव्हती. उपाय चालण्यासारखाही होता. फळीवर पितळ दिसले की इथे बाई राहते, मोकळी जमीन दिसली की ती निघालीच, असा आमच्याकडचा हिशेब. मी गरजा कमी केल्या; घरच्यांनी त्याबरोबर माझा हक्कही कमी धरला. आज खोली गेली तर उद्या ज्वारी, आणि मग जावेच्या चुलीशी बसून ती वाढील तेवढे खायचे.

"हंडे नको," मी म्हटले. जागा माझी आहे हे सांगायला पुन्हा चिंच-राख घेऊन बसायची माझी तयारी नव्हती. त्या रात्री गाठोड्यांच्या कडेला जेवले आणि तिथेच आडवी झाले. कापसाचा कचरा नाकातोंडात जात होता.

दुसऱ्या दिवशी उजाडताच एकेक गाठोडे ओढत नेऊन दिरांच्या ओसरीवर टाकले. आडावरच्या बाया थांबून पाहत होत्या, पाहू दिले. मग दिरांकडून पायली मागून घेतली, कणगीपाशी बसले आणि त्यांच्या डोळ्यांदेखत माझा हिस्सा पुरता मोजून घेतला.