धर्माजींची मिशी आणि शोकेसची काच

आमच्या फिल्मच्या शेवटच्या सीनमध्ये मी वडापाव खाताना दिसत होतो. फिल्ममध्ये माझी भूमिका नव्हती. वडापावचीही नव्हती.

सीन साधा होता. मुलगी थर्ड शिफ्ट करून सकाळी घरी यायची आहे, बाप खुर्चीत बसून वाट बघतोय. कंपनीच्या बसचा हॉर्न वाजतो. बाप मिशीवरून एकदा हात फिरवतो, उठतो, दार उघडतो. बस्स. बाप झालेल्या धर्माजीकाकांनी हे पहिल्याच टेकला असं काही केलं, की कॅमेऱ्यामागं उभी असलेली आमची दिग्दर्शक निशिगंधा ‘कट’ म्हणायची विसरली. आम्ही खुशीत सामान आवरून ताथवड्याला कॉलेजात परतलो.

एडिटिंगला बसलो तेव्हा दिसलं. काकांच्या मागं भिंतीला लागून एक शोकेस आहे. त्याच्या काचेत माइकचा दांडा धरून उभा असलेला मी. एका हातात दांडा, दुसऱ्या हातात वडापाव. बाप मिशीवरून हात फिरवतो, आणि नेमका त्याच क्षणी मी घास घेतो.

निशिगंधानं तो तुकडा तीनदा मागंपुढं करून बघितला.

“टायमिंग चांगलंय तुझं,” ती म्हणाली. “अभिनयाला का नाही गेलास रे?”

निशिगंधा रहाटणीची. ओरडत नाही, कौतुक करते. त्यापेक्षा ओरडलेलं परवडतं.

“रविवारी जाऊन परत काढू की,” मी म्हणालो. “तासाभराचं काम.”

असं म्हटलं, आणि मला फोन आठवला.

दोन दिवसांपूर्वी काकांचा फोन आला होता. मी बसमध्ये उभा, शेजारच्याच्या मोबाइलवर रील चालू. “परंडा, तुमचं समदं शूटिंग उरकलं ना?” काका विचारत होते. मी परंड्याचा, म्हणून ते मला परंडाच म्हणतात. “आमचा आबाजी गेला. उद्या दहावा हाय. केस काढावं म्हंतो. मिशी बी. चालंल ना तुमाला?” मी म्हणालो, “उरकलं काका, बिनधास्त काढा.”

हे निशिगंधाला सांगितलं. तिनं लॅपटॉप हळूच मिटला. सोमवारी फिल्म जमा करायची होती. वर्षभराचा अभ्यास, तिची पदवी, सगळं त्या एका मिशीला लटकलं होतं, आणि मिशी इंद्रायणीच्या घाटावर वाहून गेली होती.

आता धर्माजीकाकांबद्दल सांगायला हवं, नाहीतर मिशीचं एवढं काय, असं कुणालाही वाटेल.

काका मूळचे चाकणजवळच्या निघोज्याचे. शेतातला मोठा तुकडा कंपन्यांकडं गेला, उरलेल्या गुंठ्यांत कांदा आणि घास, आणि घरामागं पत्र्याच्या खोल्या. त्या खोल्यांत कंपन्यांतली पोरं भाड्यानं राहतात. सिनेमा शिकायला यायच्या आधी मी वर्षभर चाकणला ट्रेनी होतो, तेव्हा त्यातल्याच एका खोलीत राहायचो. काकांना प्रत्येक पोराची शिफ्ट पाठ. सकाळी थर्ड शिफ्टची बस वळणावर हॉर्न वाजवते, आणि काका असतील तिथून उठून फाटक उघडतात. हातात चहाचा कप असला तरी. हजामत चालू असली तरी. काकू, म्हणजे तानाबाई, म्हणतात, “हॉर्न ऐकला की ह्यांच्या पायात करंट येतोय.” एखादा पोरगा ओव्हरटाइमला थांबला तर काका फाटकात उभेच. आल्यावर बोलत काहीच नाहीत. नुसती मिशीवरून बोटं फिरवतात आणि आत जातात.

फिल्म सुचली ती यातूनच. तिकडं वर्गात आम्हाला शिकवायचे, की न बोलणारं पात्र पडद्यावर सगळ्यात अवघड. मी मनात म्हणायचो, आमच्या निघोज्यात एक तयार आहे. परंड्याला घरी गेलो की माझे वडील विचारायचे, “पिक्चर बघायला कॉलेज कशाला लागतंय?” त्यांना सांगण्यासारखं पहिल्यांदा काहीतरी हाती लागलं होतं.

शूटिंगमध्ये काकांची एकच अडचण होती. रीटेक म्हटलं की चेहरा पडायचा.

“काय चुकलं माजं?”

“काही नाही काका, उजेड बदलला.”

“मंग उजेडाला रीटेक करा की. मला कशाला?”

पहिल्या दिवशी निशिगंधानं त्यांना समजावलं होतं, “काका, तुमची मुलगी अजून आली नाहीये, काळजी वाटतेय, असा विचार करा.”

“मला पोरगी न्हाई. पोरगा हाय, त्यो नाशकाला.”

“मग आहे असं समजा.”

काकांनी मुलगी झालेल्या विजयश्रीकडं नीट बघितलं. “समजलो. जेवली का ही?”

तेव्हापासून विजयश्रीला रोज दोन भाकरी जास्त मिळायच्या, आणि आम्हाला मोजून.

तर रविवारी भल्या सकाळी मी, निशिगंधा आणि विजयश्री निघोज्याला पोचलो. पिंपरीतल्या कपडेपटवाल्याकडून निशिगंधानं एक नकली मिशी आणली होती. डबीत ठेवलेली, गोमेसारखी. फाटकात काका उभे होते. डोक्याचा नुसता तुळतुळीत गोटा, आणि मिशीच्या जागी गोरी पट्टी. चेहऱ्यातला मालक गेला होता आणि कुणीतरी नवखा पाहुणा येऊन राहिला होता.

मी लॅपटॉप उघडून त्यांना तो तुकडा दाखवला. निदान रीटेक त्यांच्यामुळं नाही हे तरी कळावं. काकांनी पडद्यावरच्या काचेवर बोट ठेवलं.

“ह्यो तू व्हय?”

“मीच.”

“आगं, हिकडं ये! परंडा बघ कसा हादडतोय माझ्या मागं!”

काकू आल्या, बघून हसल्या. मग निशिगंधानं डबी उघडली, आणि हसू थांबलं.

“हे काय?” काकू म्हणाल्या.

“मिशी. फक्त दहा मिनिटं, काकू. डिंकानं लावायची, लगेच काढायची.”

काकू चुलीकडं वळल्या, परत फिरल्या. “घाटावर भावाला दिल्यालं क्यास. ते घरात बसून परत चिकटवायचं? मंग दिलं कशाला?”

काकाच बोलले. “शब्द दिलाय पोरांना. लावा.” खुर्चीत बसले, डोळे मिटले, हनुवटी वर केली. न्हाव्यासमोर बसावं तसं. डिंकाची बाटली माझ्या हातात होती.

मी काकूंना म्हणालो, “चूक माझीय. मी फोनवर न विचार करता हो म्हणालो. नाही म्हणालो असतो तर मिशी राहिली असती.”

“तेच सांगतीया,” काकू म्हणाल्या. “बरं झालं व्हय म्हणलास.”

आबाजी म्हणजे काकांचा थोरला चुलतभाऊ, घर अगदी समोरच. कंपनीसाठी जमिनीची मोजणी झाली तेव्हा बांधावरून वाजलं, तेव्हापासून दोन्ही घरांत बोलणं बंद. एका रस्त्यावर समोरासमोर दारं, आणि वर्षानुवर्षं कुणी कुणाला ‘जेवला का’ विचारलेलं नाही. आबाजी गेला तेव्हा सगळ्या भावकीचं लक्ष काकांच्या डोक्याकडं. हा केस देतो की नाही?

“ह्यांच्या मनात द्यायचं होतं,” काकू म्हणाल्या. “पर तुमाला शब्द दिलता, शूटिंग हुईस्तवर मिशीला हात लावणार न्हाई म्हणून. तू नगं म्हणला असतास तर ह्यांनी काढली नसती. आन गाव म्हणलं असतं, मेल्यावर बी आडी सोडली न्हाई.”

मी आयुष्यात पहिल्यांदा विचार न करता बरोबर बोललो होतो. छातीवरचं कांद्याचं पोतं कुणीतरी उतरवून घ्यावं तसं झालं. पण काका अजून डोळे मिटून बसलेलेच होते, हनुवटी वर.

मी निशिगंधाकडं बघितलं. पदवी तिची होती. तिनं डबी बंद केली.

“उठा काका. मिशी नको.”

“मंग तुमचं?”

“बघू काहीतरी.”

बघू म्हणजे काय, हे तिलाही माहीत नव्हतं. ती काकांच्या खुर्चीमागं जमिनीवर बसून वायर गुंडाळायला लागली. विजयश्री दाराबाहेर जाऊन उभी राहिली. थंडी होती म्हणून काकूंनी काकांच्या डोक्यात कानटोपी घातली, लहान पोराला घालावी तशी, कपाळापर्यंत ओढून. नव्या गोट्याला वारं लागतं म्हणे.

आणि वळणावर बसचा हॉर्न वाजला. खरीखुरी थर्ड शिफ्टची बस.

काका उठले. गुडघ्यावर हात टेकून, क्षणभर थांबून, दाराकडं गेले. दार उघडलं, बाहेरचा उजेड त्यांच्या दोन्ही खांद्यांवरून आत आला, आणि उंबऱ्याबाहेर विजयश्री.

निशिगंधा वायर हातात धरून बघतच राहिली. जमिनीवरून तिला फक्त पाठ दिसली होती. कानटोपी आणि पाठ.

“काका,” ती म्हणाली, “एवढंच परत कराल?”

“काय चुकलं माजं?”

“काहीच नाही!” आम्ही तिघं एकदम ओरडलो.

कॅमेरा खुर्चीमागं ठेवला. निघोज्यात थंडीच्या सकाळी कानटोपी नसलेलं डोकं शोधून सापडत नाही, तेव्हा कुणाला खटकायचाही प्रश्न नव्हता. हॉर्न मी मोबाइलवरून वाजवला. काकांना खोटा हॉर्न लगेच कळला, तरी उठले. बाप उठला, दार उघडलं, लेक दिसली. या वेळी निशिगंधा ‘कट’ म्हणायला विसरली नाही. म्हणाली, आणि मग कॅमेऱ्याच्या स्टँडलाच मिठी मारून उभी राहिली.

मला इतकं हलकं वाटलं, की मी मागं न बघता तसाच खाटेवर बसलो.

इथं एक गोष्ट सांगायची राहिली. आल्याआल्या, पुन्हा घोटाळा नको म्हणून, मी शोकेसची काच काढून ठेवली होती. खाटेवर. गोधडीखाली, सुरक्षित.

आवाज रेकॉर्डिंगमध्ये आला नाही एवढीच देवाची दया. मला लागलंही नाही, गोधडी जाड होती.

“आता ह्येचं बी रीटेक हाय का?” काकांनी विचारलं.

फिल्म सोमवारी जमा झाली. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक चष्मा काढून म्हणाले, “शेवटी बापाचा चेहरा न दाखवण्याचा निर्णय फार प्रगल्भ आहे. यामागचा विचार सांगा.” निशिगंधा पापणीही न हलवता म्हणाली, “सर, चेहरा प्रेक्षकानं आपल्या मनात पूर्ण करावा, असं वाटलं.” मला खोकला आला. तिनं टेबलाखालून माझा पाय दाबला. फिल्म पास झाली, चांगली पास झाली.

नंतर निघोज्यात खोल्यांसमोरच्या अंगणात चादर बांधून फिल्म दाखवली. भाडेकरू पोरं, भावकी, आणि अगदी शेवटी, एका कडेला, आबाजींची बायको अंबुबाई येऊन बसल्या. पडद्यावर आधीच्या सीनमध्ये काका मिशीवरून बोटं फिरवत होते, आणि खाली बसलेले काका नकळत वरच्या ओठावर. तिथं नुकते खुंट आले होते.

फिल्म संपली. पोरांनी शिट्ट्या मारल्या. अंबुबाई पदर सावरत उठल्या, आणि काकांच्या खुर्चीशी जराशा थांबल्या.

“मिशी झ्याक दिसायची, भावजी.”

काका उभे राहिले. हॉर्न वाजला नव्हता तरी.

“यील परत, वैनी. च्या घिऊन जावा.”

अंबुबाई बसल्या. काकू चहा टाकायला आत पळाल्या आणि जाता जाता माझ्याकडं बघून म्हणाल्या, “आन तुझी काच?”

मिशी आता पूर्ण परत आलीय. काका फोन करून सांगतात, “पार गालावर गेली बघ. काच कुठवर आलीया?” शोकेस अजून उघडंच आहे. कप धुळीनं भरतात म्हणून काकूंनी त्यावर माझा जुना टॉवेल टांगलाय, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, काच परंड्याहून यायचीय. चिंचवडचा काचवाला म्हणतो, आधी माप आणा. माप घ्यायला निघोज्याला जावं लागेल. आणि काच घेतल्याशिवाय निघोज्याला जायची माझी टाप नाही.