काकांचा उतरता षड्ज

नीळकंठकाका गेल्याची बातमी अकोल्याहून त्यांच्या पुतण्याने, रोशनने कळवली. फोन ठेवला आणि मला आठवले ते मान तिरकी करून, डोळे बारीक करून ऐकणारे काका... नवा अल्बम ते असा ऐकत, जणू समोर उलटतपासणीचा साक्षीदार बसलाय. गेलेल्या गायकांच्या ‘अप्रकाशित’ मैफली निघाल्या की हमखास म्हणत, “मेल्यावर माणसाचा सूर सुधरते काहून बे?”

मी वलगावचा. आमच्या घरात कॉलेज पाहणारा पहिलाच. गाणे म्हणजे भजन, एवढीच माझी समज. अमरावतीत शिकायला आलो, तेव्हा स्वतः गाणाऱ्या काकांनी मला त्यांच्या बाहेरच्या खोलीत बसवून ख्याल ऐकायला शिकवला. पदवी विद्यापीठाने दिली, कान काकांनी दिला.

रोशन मेटल बँडमध्ये गातो, म्हणजे माझ्या मते किंचाळतो. त्याच्या पहिल्या अल्बमवरही काकांना संशय. “हे मशीन ओरडून राहिलं. तू नाही.” रोशनने तिथेच, सतरंजीवर उभे राहून गर्जना केली. काकू लाटणे घेऊन धावत आल्या. काका मात्र खूश! “गळा खरा आहे याचा. माह्या रियाजाच्या कॅसेटी यालेच देतो.”

मला ते लागले. शिष्य मी, आणि कॅसेटी ढोल बडवणाऱ्यांच्या हाती?

काका गेल्यावर काही आठवड्यांनी रोशनने त्या कॅसेटींचा अल्बम तयार केला आणि बाहेर काढण्याआधी मला ऐकायला पाठवला. आवाज स्वच्छ होता, पण अंगावर काटा येईना. मग लक्षात आले. शेवटच्या वर्षांत काकांचा वरचा षड्ज किंचित उतरायचा. इथे तो सरळ, काठीसारखा उभा होता.

रोशन लॅपटॉप घेऊन काकूंकडे आला, तेव्हा मी तिथेच विचारले, “सुराले हात लावला का?”

“खरखर काढली फक्त, दादा.” पण तो माझ्याकडे पाहत नव्हता.

त्याने अल्बम लावला. मेथी निवडता निवडता काकू थांबल्या. “कोण आहे रे हा? यांच्यासारखंच गाऊन राहिला.”

रोशनचा चेहरा पडला. गाणे थांबवून तो म्हणाला, “लोकं हसले असते ना काकाले. म्हणून तेवढा सूर वर ओढला.”

काकू म्हणाल्या, “मी जन्मभर ऐकलं त्यायले. मले हसू आलं का कधी?”

त्याने मूळ कॅसेट लावली. कूलरची घरघर, स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी, आणि वर चढणारा तो आवाज... षड्जाशी पोचला, आणि उतरला. लगेच मांडीवर थाप. “हट्! पुन्हा.” पुन्हा तोच सूर, पुन्हा थोडा खाली. “पुन्हा.” काकूंनी पदर डोळ्यांना लावला. रोशन म्हणाला, असंच काढू.

परवा अल्बम निघाला. त्याच आठवड्यात रोशनच्या बँडचाही नवा आला. पण काकांचा सूर त्याने खरेच तसाच ठेवला असेल, यावर माझा विश्वास बसेना. काकांच्या खोलीत बसून मी तो भाग लावला. मान आपोआप तिरकी झाली.

दारातून काकूंनी विचारले, “आहे ना रे?”

“आहे, काकू. उतरलेलाच आहे.”