हाडांतली माया

शिवणकाकूंनी शिवलेला कपडा विटेल, फाटेल, पण तोकडा होणार नाही, असं सगळी गल्ली म्हणायची. कारण काकू आत माया भरपूर ठेवायच्या. माया म्हणजे शिवणीच्या आत दुमडलेलं जास्तीचं कापड. पोर वाढलं की शिवण उसवायची, माया सोडायची, कपडा पुन्हा अंगाला होतो. एखादं गिऱ्हाईक कुरकुरायचं, "काकू, कापड उगाच आत का कोंबता?" तर तोंडातल्या टाचण्या न काढता काकू म्हणायच्या, "पोट सुटलं म्हणजे माझी आठवण काढशील." आणि पोटं सुटायचीच.

दुकान म्हणजे जिन्याखालची खोली. एक मशीन, एक कापायचं टेबल आणि एक आरसा. त्या आरशात सगळे जरा बारीक दिसायचे, म्हणून काकूंनी तो कधी बदलला नाही. शेजारी बेकरी. बेकरीवाली काकूंची जिवाभावाची मैत्रीण. सकाळची पावांची गडबड ओसरली की ती चहा आणि मोडकी बिस्किटं घेऊन यायची, आणि दोघी एका बाकावर बसून अख्ख्या गल्लीचा न्यायनिवाडा करायच्या.

या बेकरीवालीची थोरली बहीण एक दिवस घरातून बाहेर पडली ती परत आलीच नाही. केस पिकलेली, गुडघे धरलेली बाई, जाऊन जाणार कुठं? संशय गेला तिच्या भाडेकरूवर. माणूस होताच तिरसट, नळाच्या पाण्यावरून थोरलीशी रोज भांडायचा. पुढं तो कामाला होता त्या गोदामामागं खणताना हाडं सापडली, आणि मग काय, खटला उभा राहायच्या आधीच गल्लीनं निकाल लावून टाकला. बेकरीवाली पोटभर रडली. रडून झाल्यावर थोरलीनं हौसेनं घेऊन ठेवलेलं निळं कापड घेऊन काकूंकडं आली.

"हाडं ताब्यात मिळाली की तिला पोचवायची. नीट झगा शिव. अशी उघडी नको पाठवायला."

काकूंनी डोळे पुसत कापड बेतून ठेवलं. थोरलीचं माप त्यांना पाठच होतं.

आणि नेमकी ती हाडं तपासायला गेली काकूंच्या सुनेकडं! सूनबाई हाडांची डॉक्टर. मोडलेली हाडं बसवणारी नव्हे, मेलेल्यांची हाडं वाचणारी. लग्न जमलं तेव्हा काकूंनी लोकांना नुसतं "डॉक्टर आहे" एवढंच सांगितलं होतं, पुढचं गिळलं होतं.

साक्षीच्या दिवशी कोर्टात मुंगी शिरायला जागा नव्हती. काकूंनीच शिवलेला पांढरा सदरा घालून सूनबाई उभी राहिली आणि शांतपणे म्हणाली, "ही हाडं म्हाताऱ्या बाईची नाहीत. वाढ पुरी न झालेल्या मुलीची आहेत."

आधी कुणाला उमगलंच नाही. मग मागून आवाज आला, "हाडावर काय जन्मतारीख लिहिलेली असते?" हशा पिकला.

वकिलांनी विचारलं, "मग ही मुलगी कोण?"

"सांगता येत नाही."

"मेली कशानं?"

"या हाडांवरून सांगता येत नाही."

यावर लोक असे खिदळले की न्यायाधीशांना टेबल बडवावं लागलं. बेकरीवाली तेवढी हसली नाही. उठली आणि काकूंना ओलांडून जाताना म्हणाली, "एकदा हरवली होतीच. तुझ्या सुनेनं आज पुन्हा हरवली."

भाडेकरू सुटला आणि गल्ली सूनबाईच्या मागं लागली. टोमॅटो ताजे आहेत का विचारलं, तर भाजीवाला डोळे मिचकावून म्हणे, "सांगता येत नाही!" न्हावी म्हणे, "डॉक्टरीणबाईंना माझ्या बायकोचं वय विचारा हो, ती मला थांग लागू देत नाही." कुणी तर म्हणालं, भाडेकरूनं हिला फितवलंय. काकू एकेकाचं तोंड बंद करून यायच्या. सुनेला दुसऱ्यानं बोललेलं त्यांना खपायचं नाही, तो हक्क त्यांचा होता.

पण चहा बंद झाला. बेकरीवाली दुकानासमोरून मान वळवून जायची. काकूंनी दुसरीकडून बिस्किटं आणून पाहिली. सगळी धड होती, गोड एक लागेना.

शेवटी न राहवून त्यांनी सुनेला धरलं. मुलगा अशा वेळी हटकून वर्तमानपत्रात तोंड घालायचा, तसं त्यानं घातलं.

"अगं, एकदा 'हो' म्हणाली असतीस तर काय बिघडलं असतं? तिला बहीण मिळाली असती."

"बहीण नसती मिळाली, आई. दुसऱ्याच कुणाची तरी मुलगी मिळाली असती." मग सासूच्या मांडीवरच्या फ्रॉककडं बघत तिनं विचारलं, "हे काय करताय?"

"माया सोडतेय. गिऱ्हाइकाची पोर उंच झालीय."

"वाढत्या मुलांच्या हाडांच्या टोकांशी असंच असतं. तिथं वाढायला जागा ठेवलेली असते. वाढ पुरी झाली की ती जागा भरून जाते, हाड सांधून एक होतं. थोरल्या मावशींची कधीच भरली असणार. या हाडांत ती जागा अजून होती."

काकूंची सुई थांबली. "म्हणजे हाडांत माया होती म्हण की."

सूनबाई हसली. "कोर्टात हे सुचायला हवं होतं मला."

"सुचलं असतं तरी हसलेच असते मेले."

दुसऱ्या दिवशी चहा घेऊन काकूच बेकरीत गेल्या. बेकरीवालीनं पावांवरून मान वर केली नाही. काकूंनी फ्रॉकची शिवण तिच्यापुढं उलटी धरली आणि मायेची गोष्ट सांगितली, सुनेनं सांगितली तशीच, फक्त जरा मोठ्या आवाजात.

"वाढत होती गं अजून ती. आपली थोरली नव्हे ती."

बेकरीवालीनं आणखी दोन पाव मांडले. मग तिचा हात थांबला.

"मग ती कुणाची पोर?"

"कुणाला माहीत नाही. कुणी विचारायलाही आलं नाही म्हणे."

"इतके लोक कोर्टात खिदळत होते आणि एकानंही विचारलं नाही?" बेकरीवालीचा आवाज चढला. "आणि मी तरी कुठं विचारलं!"

तिनं पदराऐवजी पिठाच्या हातानंच डोळे पुसले, गालभर पीठ झालं. काकूंनी ते पुसलं नाही, पुसलं असतं तर दोघी रडल्या असत्या.

"ते निळं कापड कापलंस का?"

"खडूनं बेतलंय नुसतं."

"मग पोरीच्या मापाचं कर. तुझ्या सुनेला विचार उंची किती ते. कुणी मागायला आलं नाही तर आपण मागू तिला, आपण पोचवू."

"आणि थोरली परत आली तर?"

"तर दुसरं घेऊ. निळा रंग तिला मेला शोभतच नव्हता."

काकू हसल्या, कप पुढं सरकवून निघाल्या. दारापर्यंत गेल्या तोच मागून हाक आली.

"आणि ऐक गं. आत माया ठेव."

आता ती पोर कुठं वाढणार होती, असं काकू म्हणाल्या नाहीत.

"भरपूर ठेवते," त्या म्हणाल्या.