सुभद्राबाईची गोळी

दुकानाचं शटर अर्धं वर गेलं होतं, तेवढ्यात आतेभावाचा फोन आला. "दादा, माय गेली... रक्ताची उलटी झाली." माझं औषधांचं दुकान आहे, आणि सुभद्राआत्याच्या गोळ्या माझ्याकडूनच जात होत्या. आज सव्वा महिना झाला.

आत्या चोरखमारा तलावाच्या पाण्यावर भात रोवणाऱ्या बायांच्या टोळीची पुढारी. तोंडानं फटकळ, कामाला वाघीण. खुब्याचा सांधा झिजलाय, वाकायचं काम सोडा, असं गोंदियाच्या डॉक्टरांनी फोटो बघून सांगितलं, तेव्हा ती माझ्यावरच उखडली. "काम सोडून का करू? तुह्या दुकानात माश्या मारू?" डॉक्टरांनी आधी एक गोळी लिहून दिली होती, नंतर बदलून दुसरी. त्यातली सरस कोणती, हे आत्यानं शेतातच ठरवलं. चार दिवस पांढरी आयब्युप्रोफेन, चार दिवस नारंगी डायक्लोफिनॅक, आणि खुबा धरून बसायच्या आत भाताच्या किती बांध्या, म्हणजे बांध घातलेले वाफे, रोवून होतात एवढंच माप.

"पांढरीनं दीड बांधी, नारंगीनं तीन!" तिनं काउंटरवर निकाल सांगितला.

"जेवून घेतेस ना?"

"भात खाल्ला त गोळी उशिरा लागते, बाबू. मंग दोघींची बरोबरी कशी करू? दोन्ही खाली पोटीच घेऊन राहिली."

मी तिला तिथेच दटावायला हवं होतं. औषधांचं शिकलेला माणूस मी... पण मला तिचं कौतुकच वाटलं. "आत्या, तू तर डॉक्टरीणच झालीस," म्हणून हसलो आणि नारंगी पट्टी तिच्या हातावर ठेवली. रोवणी संपली तरी ती गोळी सुटली नाही. दोन वर्षं मी देत राहिलो. गोळी कशी लागते हे दरवेळी विचारलं, पोटाचं एकदाही नाही. तिला महिनाभर शौचाला काळं होत होतं, म्हणजे पोटात रक्त झिरपत होतं, हे तिच्या जलदानविधीच्या दिवशी सुनेकडून कळलं. "त्याले सांगू नको, गोळी बंद करंल," असं तिनं सुनेला बजावलं होतं. माझा राग कोणावर काढू, मला समजत नाही.

परवा तिच्या टोळीतल्या दोघी दुकानात आल्या. यंदाची रोवणी लागली आहे. थोरलीनं कंबर चोळत म्हटलं, "सुभद्राबाईची गोळी दे, बाबू. नारंगी."

माझा हात कपाटाशीच थांबला. "कशी घेता?"

"खाली पोटी. लवकर लागते म्हणे," ती म्हणाली. "तुले विचारूनच सांगतलं होतं न तिनं..."