तिसरं रीडिंग

टक्. एवढाच आवाज झाला. रविराजने मशीनखालून चाकू काढला, तर पात्यावर धारेपासून पाठीपर्यंत केसाएवढी चीर.

चाकणच्या कंपनीतली क्वालिटीची खोली, शनिवारची जेवणाची सुट्टी. या मशीनचं हिऱ्याचं टोक पोलादात दाबलं, की पोलाद किती कडक आहे त्याचा आकडा पडद्यावर येतो. त्याखाली गिअर ठेवतात. भाजी चिरायचा चाकू ठेवावा, असं आजवर कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. रविराजच्या आलं. एकोणीस वर्षं क्वालिटीत काढली, की माणूस बायकोच्या वरणाचंही सॅम्पल मागायला लागतो.

शेजारच्या टेबलावर डबा खाणारा बंटी म्हणाला, “सर, लॉट रिजेक्ट करायचा का?”

रविराजला हसू आलं नाही. चाकू त्याचा नव्हता. बुद्धरत्नदादांचा होता.

दादा याच कंपनीत बत्तीस वर्षं भट्टीवर होते. लातूरकडचा माणूस, बोलणं मोजकं. रिटायर झाल्यावर लोक मॉर्निंग वॉकला लागतात. दादांनी संत तुकाराम नगरातल्या घराच्या गच्चीवर विटांची भट्टी मांडली, तिला वारा घालायला लेकीचा जुना हेअर ड्रायर जोडला आणि टेम्पोच्या स्प्रिंगच्या तुटक्या पाट्यांतून चाकू घडवायला लागले. विकायचे नाहीत. ज्याला द्यावासा वाटेल त्याला द्यायचा.

रविराज दर रविवारी निगडीहून त्यांच्याकडे शिकायला जाई. आठ महिन्यांत त्याचे तीन चाकू झाले. एक वाकला, एक तुटला आणि तिसऱ्याने लोणी उत्तम कापलं जायचं, विशेषतः उन्हाळ्यात. दादा कधी रागावले नाहीत. “पात्याला पाणी द्यायचं म्हणतात,” ते सांगत, “पण पाजायचं तेल.” मग तापवून-निववून झालेल्या पात्यावर कानस फिरवायची आणि हाताला काय लागतं ते बघायचं.

“पण आकडा किती, दादा?” रविराजने विचारलं होतं.

“एकोणसाठ.”

“कशावरून?”

“कानशीवरून.”

रविराजने मान डोलावली. क्वालिटीतला माणूस पटलं नाही की अशीच मान डोलावतो.

गेल्या रविवारी दादांनी आपला नवा चाकू त्याच्या हातात ठेवला. लेक दीक्षा पुढच्या सोमवारी नाशिकला निघणार होती, एका हॉटेलच्या किचनमध्ये पहिली नोकरी. चाकू तिच्यासाठी होता, चार महिने खपून केलेला. “मूठ तू घास,” दादा म्हणाले. स्वतःच्या कामाला दुसऱ्याचा हात त्यांनी कधी लावू दिला नव्हता. रविराजने पाच दिवस पॉलिशपेपर घेऊन ती शिसवी मूठ आरशासारखी केली. सहाव्या दिवशी चाकू डब्याच्या पिशवीत घालून कंपनीत नेला.

रविवारी सकाळी तो स्कूटरवर निघाला. आकुर्डीपर्यंत ‘हातातून पडला’ असं ठरलं होतं. चिंचवडला त्याचं ‘पोराच्या हातून पडला’ झालं. पिंपरीत स्वतःच्याच पोराचं नाव घ्यायची इतकी लाज वाटली, की सिग्नल हिरवा होऊनही तो तसाच उभा राहिला. मागच्या रिक्षावाल्याने त्याला योग्य त्या शब्दांत जागं केलं.

दारातच दादांच्या पत्नी नीलावहिनींनी पोह्यांची बशी हातात दिली. दीक्षा नवाकोरा पांढरा कोट घालून बाहेर आली. “काका, झाली का मूठ? दाखवा ना!”

“आधी दादांना दाखवतो,” रविराज म्हणाला आणि पोहे तसेच ठेवून जिना चढला.

गच्चीवर दादांसमोर त्याने चाकूभोवतीचा नॅपकिन सोडला. वाटेत जमवलेलं एकही खोटं तोंडातून फुटेना. “दादा, मी कंपनीच्या मशीनवर लावला. मला फक्त बघायचं होतं.”

दादांनी चष्मा पुसला. पातं उन्हात धरून चिरेवरून नख फिरवलं. मग पात्यावरच्या बारीक खड्ड्यांवर बोट ठेवलं.

“पहिल्यांदा किती आला?”

“एकोणसाठ.”

“दुसऱ्यांदा?”

“एकोणसाठच.”

खालून दीक्षाने हाक मारली, “बाबा, येऊ का वर?” रविराजचे कान तापले. तो बोलतच सुटला, “पद्धत आहे दादा, तीन रीडिंग घ्यायचीच असतात. तिसरं जरा धारेजवळ गेलं, तिथं पातं पातळ. चूक माझीच आहे. मी दीक्षाला आजच्या आज दुसरा, पाहिजे तर भारीतला, ऑनलाइन...”

दादांनी चाकू नॅपकिनवर ठेवला.

“मग तिसऱ्यांदा काय बघायचं होतं?”