हरभऱ्याच्या मुळाचा कोन

मंगळवार, १४ मे २०२४, सकाळचे सहा वाजून वीस मिनिटे. बेंबळीतल्या आमच्या घरात, खिडकीच्या फळीवर काचेच्या बारा चपट्या डब्या कडेवर उभ्या होत्या. प्रत्येकीत ओल्या कागदावर मोड आलेला एक हरभरा. पहाटे मी प्रत्येक डबी पाव फेरा फिरवून सरळ खाली जाणारे मूळ आडवे केले होते; ते पुन्हा जमिनीकडे किती अंश वळते, हे मोजायचे होते. आंघोळ करून आले, तर बाराही मुळे पुन्हा सरळ.

“आडवी झाली व्हती समदी, म्या नीट करून ठेवली,” आई म्हणाली. “एवढी शिकली, पण वस्तू नीट ठेवायचं न्हाय आलं. आन् मे महिन्यात हरभरा लावणारी गावात तू पहिलीच!”

“मुद्दाम आडवी केलती गं मी.”

“मग सांगून जायचं की!”

तिचे बरोबर होते. मी डब्यांवर चिठ्ठी लावली नव्हती.

दुपारी चार वाजता पीएच.डी. प्रवेशाची ऑनलाइन मुलाखत होती. मागच्या वर्षी समितीने मला एकाच प्रश्नावर परत पाठवले होते: या कल्पनेला तुमचा स्वतःचा पुरावा काय?

कल्पना अशी. मुळाला वळण्याचा निरोप एक संप्रेरक देते आणि पेशीतले एक ग्राही प्रथिन तो स्वीकारते. हे प्रथिन स्वभावतःच अस्थिर असते; त्याच्या घड्या सैल पडतात, भलतीकडे चिकटतात. चॅपेरोन नावाचे दुसरे प्रथिन त्याला चिमट्यासारखे धरते, ऊर्जा खर्चून त्याच्या घड्या हलवते आणि निरोप स्वीकारण्याजोग्या रचनेत आणून सोडते. ही रचना चॅपेरोन घडवत नाही. ती प्रथिनाच्या साखळीतच असते. चॅपेरोन फक्त चुकीच्या वाटा बंद करते. मग चॅपेरोनलाच औषधाने रोखले, तर मूळ वाढेल, पण कमी वळेल.

पहाटेची बारा मुळे आता बाद झाली होती आणि कॉलेजातल्या माझ्या प्राध्यापकांनी दिलेल्या या औषधाचे काही थेंबच उरले होते. ते सहा मुळांना पुरणार होते. शिल्लक मोडांतून सारख्या लांबीचे बारा निवडले. सहांना औषध, सहांना औषधाविना तेच द्रावण. सात वाजता डब्या फिरवल्या, प्रत्येकीवर बाण काढला आणि आईला सांगितले. तिने शेजारच्या काकूंनाही फळीजवळ फिरकू दिले नाही. “हात लावू नका, तिचं हरभऱ्याचं ऑपरेशन चालू हाय,” असे ती त्यांना बजावत होती.

तीन वाजता कोनमापक घेतला. औषधाविना असलेली सहाही मुळे चौसष्ट ते पंच्याहत्तर अंशांत वळली होती. औषध दिलेली पहिली पाच: चोवीस, एकतीस, सत्तावीस, एकोणतीस, बावीस. लांबी दोन्ही गटांत जवळपास सारखीच. म्हणजे वाढ खुंटली नव्हती, निरोपच पोहोचत नव्हता. मला हेच हवे होते.

सहावे मूळ मात्र झक्क वळले होते. थेंब कागदावर ओघळला असेल किंवा मोडच वेगळा असेल. कारणे पटापट सुचत होती. यातले एकही मी पाहिलेले नव्हते. पाचच मुळांचा तक्ता देखणा दिसला असता. पण समिती विचारणार होती माझ्या पुराव्याबद्दल, आणि पुरावा सहा मुळांचा होता. मी पुन्हा दोनदा मोजले आणि तक्त्याची शेवटची ओळ भरली.

मूळ सहावे, औषधासह: अडुसष्ट अंश.